अभिप्रायाच्या वहीतलं उत्तर

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील अमळनेरला तेलगिरणीत कामाला. युनियनच्या सभेनंतर उरलेली पत्रकं ते घरी आणायचे, मालकाच्या नोटिशींना छापून दिलेली उत्तरं; त्यांवरच मी वाचायला शिकले. लिहिलेल्याला लिहूनच उत्तर द्यायचं, हे मला पाढ्यांआधी कळलं.

धुळ्यातल्या एका छोट्या संग्रहालयात माहिती सांगायला लागले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. दारातून कुणीही आलं की हसून ‘या’ म्हणायचे. बाजाराला आलेले, शाळेची पोरं, सगळ्यांना तेच ‘या’.

त्यांतला एक, तिशीचा, कडक इस्त्रीतला, दर मंगळवारी यायला लागला. उभा ताम्रपटासमोर, नजर माझ्यावर. जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहायचा, ‘बाई फार गोड बोलतात.’ पुढे, ‘बाईंचं हसू पुन्हा बोलावतं.’ मी त्याला सरळ सांगितलं, ‘माझ्यासाठी इथे येऊ नका.’

‘मग हसता कशाला?’ तो म्हणाला.

आमच्या प्रमुखांना सगळे आबा म्हणत. ही वही ते समितीपुढे ठेवायचे, त्यामुळे असले अभिप्राय त्यांना आवडायचेच. मी तक्रार केली तर म्हणाले, ‘पुढच्या बुधवारपासून तू मागच्या खोलीत बस. वस्तूंच्या चिठ्ठ्या लिही. बाहेर शिपाई सांगेल माहिती.’

‘चूक त्याची आणि कोंडायचं मला?’

‘कोंडतंय कोण? पंखा आहे तिथे.’

त्याच दुपारी मी वही उघडली आणि त्याच्या शेवटच्या अभिप्रायाखाली शाईने लिहिलं: ‘हसून बोलणं हे माझं काम आहे. ते येणाऱ्या प्रत्येकासाठी आहे, तुमच्यासाठी वेगळं काही नाही. अभिप्राय वस्तूंबद्दल लिहावा.’ खाली सही केली.

मंगळवारी त्याने वही उघडली आणि त्याचे कान लाल झाले. ‘हे काय लिहिलंय? लोक वाचतील!’

सोनगीरकडच्या चार-पाच बाया तोफगोळे बघत होत्या. त्यांतली एक म्हातारी पुढे आली, बाकीच्या तिला अक्का म्हणत होत्या. ‘काय लिखेल शे? वाची दाखाड ना, बाई.’

ताम्रपट वाचते त्याच आवाजात मी दोन्ही वाचलं, त्याचं आणि माझं.

अक्का त्याच्याकडे वळली. ‘बाई हासनी म्हणजे सोयरीक जमनी का रे, भाऊ? आमना किरानावाला बी माले देखीसन हासस. त्याना घर नांदाले जाऊ का मी?’

बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. तो गेला. त्या दिवशी अभिप्राय लिहिला नाही त्याने.

‘समितीला काय सांगू मी आता?’ आबा कपाळाला हात लावून म्हणाले.

‘वाचून दाखवा.’

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी माझी खुर्ची मागच्या खोलीत गेलेली होती. मी ती उचलली आणि आबांच्या टेबलासमोरून पुन्हा दारापाशी आणून ठेवली. ते चष्म्यावरून बघत होते. बाहेर शाळेची रांग लागली होती, आणि शिपायाला ताम्रपटातली एकही ओळ वाचता येत नव्हती.

‘जरा कमी हस,’ आबा हळूच म्हणाले.

‘नाही,’ मी म्हणाले, आणि पोरांकडे बघून हसले. ‘या.’