दारातलं वळण

मेढ्याच्या वर, घाटात राहणारा आकाराम दुसऱ्या महायुद्धात इजिप्तच्या वाळवंटात लष्करी ट्रक हाकून आला. लढाई संपली तसा त्याने जुना ट्रक घेतला. डोंगरातलं लाकूड सांगलीला न्यायचं, म्हणून लष्कराने मोडीत काढलेला ट्रेलरही बघायला गेला. आखूड ट्रेलर त्याने बघितलेच नाहीत. सगळ्यांत लांब जो होता त्याच्याखाली झोपून एक्सल, स्प्रिंगचे पाटे तपासले.

"जल्मभर टिकंल," म्हणाला आणि तोच घेतला.

टिकला की! त्याच्याच दारासमोरच्या वळणावर अडकला. वाळवंटात वळणं नसतात, पण हे वळण तर पोरपणापासून पायाखालचं!

माणसं लावून ट्रेलर कडेला ढकलला. घाटात तो घेणार कोण? आता त्याची बायको साळूबाई त्यावर नाचणी वाळवते.

"आवं, ह्यो हलणार कवा?" तिने नवऱ्याला विचारलं.

"घाट सरळ झाला की."