अहवालात बरी झालेली मावशी

आमची संस्था म्हणजे तीन बायका, एक कपाट आणि समाजमंदिराची उसनी खोली. वाशीच्या घाऊक बाजारात कांदा निवडणाऱ्या बायकांची दर मंगळवारी साखर तपासायची, गोळ्या द्यायच्या, जखमा धुवायच्या, एवढंच आमचं काम. पैसा एका कंपनीचा. वर्षाचं छोटंसं अनुदान, पण त्याचे नखरे विचारू नका! बॅनर किती फुटांचा, लोगो कुठल्या कोपऱ्यात, फोटोत बायका हसत्याच हव्यात. दिवसभर उकिडवं बसून सडका कांदा बाजूला काढणारी बाई कशाला हसेल हो?

अहवालाचं शेवटचं पान म्हणजे तर डोक्याला शॉट. 'एक यशोगाथा, फोटोसह.' ती नसेल तर पुढच्या वर्षाचं अनुदान विसरा.

माझ्याकडे यशोगाथा नव्हती, एक मावशी होती. सोलापूरकडची, पन्नाशीची. साखर भरमसाट, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याशी काही केल्या न भरणारी जखम. ती दुखायचीही नाही, साखरेनं पायच बधिर झालेला. वर्षभरात मावशीनं एकही मंगळवार चुकवला नाही. जखम बारीक होत चालली होती, साखर उतरत होती. उतरत होती, उतरली नव्हती. मी लिहिलं, 'आज त्या पूर्णपणे बऱ्या आहेत.' दोन महिन्यांत होईलच की, असं मनाशी म्हटलं. आणि अनुदान बंद झालं असतं तर तिच्या गोळ्या कुठून आणल्या असत्या? आजही सगळ्यांना मी हेच कारण सांगते. खरं म्हणजे ते पान झकास जमलं होतं आणि माझं मलाच आवडलं होतं.

कंपनीच्या साहेबांनाही आवडलं. वार्षिक कार्यक्रमात, बेलापूरच्या एसी हॉलमध्ये, त्यांनी ते माइकवरून वाचून दाखवलं. मावशीला स्टेजवर बोलावून शाल दिली. टाळ्या काय, फोटो काय! मावशी रडली. मीही रडले, निर्लज्जासारखी.

अनुदान मिळालं. पुढच्या मंगळवारी मावशी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नव्या वर्षात 'नवीन लाभार्थी' जोडायची अट होती, मी त्या नादात. गावी गेली असेल, म्हटलं. बाजार हाकेच्या अंतरावर, पण जाऊन बघितलं नाही. याची मला अहवालापेक्षा जास्त लाज वाटते.

तीन-चार महिन्यांनी तिची सून निरोप घेऊन आली. मी धावत सरकारी हॉस्पिटलात गेले. चादरीखाली डावा पाय गुडघ्यापर्यंतच होता. मी भडकले. स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढायची घाण सवय आहे मला.

"मावशी, गोळ्या का बंद केल्या? मंगळवारी यायला काय धाड भरली होती?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, मी काय विचारतेय ते खरंच न कळल्यासारखी.

"अवो ताई, तुमीच लिवलं न्हवं, मी बरी झाले म्हनून? येवढ्या लोकांत सायबानं वाचलं. मग बऱ्या मानसानं दुसरीच्या वाट्याच्या गोळ्या कशाला खायाच्या?"