विमानाचे सोळा तास

बाजूच्या खोलीतून ह्यांच्या खोकण्याचा आवाज आला की जीव खालीवर होतो, आणि नाही आला की त्याहून जास्त. सकाळी डॉक्टर तपासून गेले. जाताना दाराशी मला हळूच म्हणाले, "हृदय थकलंय, ताई. दोन दिवस, फार तर चार. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या." बोलवायचा तो एकच, आमचा लेक. तो तेरा हजार किलोमीटरवर.

हा आकडाही ह्यांनीच सांगितलेला. विमानाच्या तिकिटांच्या कचेरीत चौतीस वर्षं काढली. कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, अंतर आणि वेळ ह्यांच्या जिभेवर. पण नुसते विमानाचे तास कधी कुणाला सांगितले नाहीत. घरापासून विमानतळ किती लांब, मधे थांबा किती, सामान किती, उतरल्यावर न्यायला कोण, सगळं खोदून विचारायचे आणि दारापासून दारापर्यंतचे तास तिकिटाच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहायचे. कचेरीत नावच पडलं होतं, 'दारवाले'.

"अहो, विमानाचे तास तेवढे सांगा ना," एखादा वैतागायचा.

"विमान काय तुमच्या अंगणात उतरणार आहे?"

एकदा एक जण आला. आई अत्यवस्थ, नऊ तासांचं तर अंतर म्हणून उद्याचं तिकीट मागत होता. ह्यांनी बावीस तास मोजून दाखवले, घरीसुद्धा जाऊ दिलं नाही आणि स्वतःचा स्वेटर देऊन त्याच दिवशीच्या विमानाने तसाच पाठवला. पुढे त्याचं पत्र आलं, आई भेटली म्हणून. पत्र आलं, स्वेटर काही आला नाही. मी महिनाभर टोमणे मारले.

आज दुपारी उशीला टेकवून पाणी पाजताना मी म्हटलं, "लेकाला कळवते."

"कशाला? नवी नोकरी. आत्ताच रजा मागितली तर काढून टाकतील त्याला. सोळा तासांचं तर अंतर. वेळ आली की कळव."

"सोळा? आणि मधला थांबा? त्याच्या घरापासून विमानतळ?"

"तू कधीपासून माझा हिशेब तपासायला लागलीस?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

स्वयंपाकघरात बसून मी ह्यांच्याच रीतीने मोजलं. घरून विमानतळ दोन तास, तिथे आधी पोचायला हवं ते तीन, हवेतले सोळा, थांबा चार, इथे उतरून बाहेर पडायला एक, घरी यायला तीन. एकोणतीस. तेही तिकीट लगेच मिळालं तर.

आजारपणात विसरले असतील, अशी मनाची समजूत घालून पाहिली. पण परवाच पडल्यापडल्या शेजारच्या सुनेला तिच्या माहेरचे तास मधल्या थांब्यासकट सांगितले होते. विसरले नाहीत. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम कमी सांगितले, तेही मला. मी थांबावं म्हणून.

उद्या लेक विचारेल, "आई, मला का नाही सांगितलंस?" तेव्हा उत्तर द्यायला हे नसतील. मी असेन.

इथे मध्यरात्र झाली, म्हणजे तिकडे आत्ता दुपार आहे. तो कामावर असेल, आणि कामाच्या वेळी त्याला फोन करायचा नाही हा ह्यांचा दंडक. हे रागावतील, बोलायचे नाहीत माझ्याशी. चालेल. खोलीचं दार लोटून घेते आणि त्याला फोन लावते.