लाल पानांचा बटवा

त्या बटव्याची मला पहिल्या क्षणापासून शिसारी आली. साठच्या दशकाची सुरुवात होती. कुवेतच्या बाजारात माझ्या मामूंचं बॅगा दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे मी शिवणकाम करायचो. एका सकाळी तेल कंपनीतला एक जपानी इंजिनिअर आला आणि त्याने टेबलावर कातड्याचा बटवा ठेवला. तपकिरी कातडं, त्यावर लाखेसारखी चकचकीत लाल पानं, पाच-पाच बोटांची. पानगळीत आमचे डोंगर असेच लाल होतात, म्हणाला. एका बाजूची शिवण उसवली होती.

"वडिलांच्या हातचं शेवटचं काम आहे. जपून शिवा," एवढं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून तो गेला.

पण त्याचा वास! जळका, कडवट. मामूंनी लांबूनच नाक मुरडलं. "आरं, डुकराचं तर नसंल?"

झालं, मी हात मागे घेतला. त्याला विचारून घ्यायला काय झालं होतं? पण आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची मामूंची तयारी नव्हती आणि बटव्याला हात लावायची माझी. शेवटी वर्तमानपत्रात धरून, तोंड फिरवून मी कसेबसे वेडेवाकडे टाके घातले. मग दुकानामागे जाऊन, डुकराचा स्पर्श झाला तर करायच्या आम्हा शाफई मुसलमानांच्या रिवाजाप्रमाणे हात, सुई आणि आरी सात वेळा धुवायला बसलो, त्यातली एक खेप मातीने घासून. गोड्या पाण्याचा तिथे एवढा तुटवडा, तरी पिंप अर्धं केलं.

सातवी खेप चालू असताना तो जपानी मागे येऊन उभा राहिला. त्याने मातीचा चिखल पाहिला, कागदात गुंडाळलेला बटवा पाहिला. मामूंनी ओशाळून आता विचारलं, कसलं कातडं म्हणून.

"हरणाचं. वडील भाताच्या पेंढ्याच्या धुरावर धरून त्याला रंग आणायचे."

रागावला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला, माझे टाके एकेक करून त्याने उसवले आणि उघडाच बटवा रुमालात बांधून घेऊन गेला.

मला माझीच किळस आली. भाताचा पेंढा! गावी वडील पेरणीआधी शेतात पेंढा जाळून, राब भाजून घरी आले की त्यांच्या सदऱ्याला हाच वास असायचा, आणि मी त्यांच्या मांडीवरून उठायचो नाही. मी बोटं नाकाशी नेली. मातीशिवाय कशाचाच वास येईना. सात वेळा धुतली होती मी.