खाडीच्या अलीकडचा एक ठिपका

देवव्रत दिवेआगरला वाडीतल्या घरात एकटाच राहतो. वय बावन्न. पुण्यातली नोकरी सोडून आला तेव्हा आई होती. आता कामाचे फोन सोडले तर दिवसभर बोलणं होत नाही.

काम डेटाबेसचं. वादळाच्या वेळी कुठल्या वस्तीला गाडी पाठवायची, याचा नकाशा एक संस्था करत होती. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराचा एक ठिपका. हजारो ठिपके एकदम दाखवले की मोबाइल अडकतो. म्हणून देवव्रतने क्वेरी लिहिली: तीनशे मीटरच्या आत असलेली घरं एकत्र करा, त्यांचं एक वर्तुळ दाखवा, आत घरांचा आकडा. एका वर्तुळाला एक गाडी.

तपासताना त्याने खाडीकाठचं एक वर्तुळ उघडलं. आकडा चौदा. तेरा घरं खाडीपलीकडे होती, एक अलीकडे. ते कोंडाजीचं. वाडीत पोफळी होत्या तोवर सुपारी उतरवायला हाच यायचा. २०२०च्या वादळात पोफळी गेल्या, त्याचं येणंही थांबलं.

सरळ रेषेत खाडी दोनशे मीटर. रस्त्याने जायचं तर पुलावरून मोठा वळसा. क्वेरीने अंतर मोजलं, मधलं पाणी तिच्या हिशेबात नव्हतं. गाडी पलीकडच्या काठावर येणार होती आणि कोंडाजी अलीकडे राहणार होता.

देवव्रतने संस्थेच्या नूतनला फोन केला.

"सर, एकच घर आहे. होडीने जातील की पलीकडे."

"वादळात होडी कोण घालणार? तू?"

"पण एका घराचं कसलं वर्तुळ, सर? ठिपकाच तो."

"मग ठिपक्याला गाडी पाठव."

नूतन हसली. मग म्हणाली, "बरं, करा. पण असे किती निघतील?"

त्याने क्वेरी बदलली. आधी काठ वेगळे केले, मग अंतर मोजलं. एकटं घर असेल तर ते वगळायचं, अशी त्यानेच आधी घातलेली अटही काढून टाकली. किनाऱ्यावर ठिकठिकाणी 'एक' उमटले. म्हसळ्याच्या बाजूला, रेवदंड्याच्या पुढे, डोंगराच्या कडेला. नूतनने कुरकुर केली आणि त्यांच्यासाठी लहान गाड्या ठरवल्या.

जूनमध्ये वादळाचा इशारा आला. दुपारी देवव्रतचा फोन वाजला.

"भाऊ, कोंडाजी बोलतंय. गाडी आली. डायवर इचारतो, बाबा तुमी एकलेच? म्हनलं, शेळी हाय. तो न्हाय म्हनतो."

"त्याला फोन द्या."

शेळीवरून थोडी हुज्जत झाली. शेवटी ती मागच्या सीटवर चढली. कोंडाजीने फोन परत घेतला.

"तुमची गाडी आली का?"

"आली. बसलोय."

देवव्रतच्या वर्तुळात तेवीस घरं होती, म्हणून मोठी बस आली होती. बाकीची बावीस होमस्टे, पावसाळ्यात बंद. मालक मुंबईला. क्वेरीने घरं मोजली होती, कुलपं नव्हे. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून वाट पाहत होता.

"किती जन हाईत?" कोंडाजीने विचारलं.

"मीच."



"मंग हितंच यायचं व्हतं, भाऊ. शेळी तरी हाय."