येरमाळ्याच्या रस्त्यावर वाचवलेलं पेट्रोल

मोटार सावकाश चालवली की पेट्रोल वाचतं, असं कुणी म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. वाचत असेल. मी नाही म्हणत नाही. पण ते कुणाच्या जिवावर वाचतं, एवढंच मला विचारायचं आहे. त्यासाठी उस्मानाबाद ते येरमाळा रस्त्यावरची एक सकाळ मला पुरेशी आहे.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. नवं सरकार गावोगाव काही ना काही देत होतं, आणि जो ओरडेल त्याला आधी मिळत होतं. येरमाळ्याला सरकारी दवाखाना हवा, ही आमच्या समितीची मागणी. पत्रकं मी लिहिली होती. 'बाळंतीण बैलगाडीत मरते, सरकार कुठे आहे?' हा मथळा. तो मी मनानं रचला नव्हता. त्या भागातल्या एका बाईची थोरली लेक दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेली होती, आणि हा प्रश्न तिनं मला तोंडावर विचारला होता. आता तिची सून पोटुशी होती.

बाजाराच्या दिवशी एक मोठा अधिकारी येरमाळ्याच्या चावडीवर येणार, लोकांचं ऐकणार आणि जेवायला कळंबला जाणार, अशी बातमी आली. दवाखाना येरमाळ्याला की कळंबच्या पलीकडं, हे त्याच दौऱ्यात ठरायचं होतं. आम्ही खेड्याखेड्यांत सांगून आलो, की बाजाराला याल तेव्हा पिंपळाखाली थांबा, आमची जीप येईल, मग सगळे मिळून चावडीवर जाऊ. आमच्याशिवाय जाऊ नका, हेही आम्हीच बजावलं.

जीप एका आडत्यानं वापरायला दिलेली, पेट्रोल लोकांच्या वर्गणीचं. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर वकीलसाहेब. साधे, सज्जन, जेलमध्ये जाऊन आलेले. त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं की वेग कमी ठेवला तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये मोटार जास्त लांब जाते. तेव्हापासून तो समितीचा कायदाच झाला. जोरात गाडी हाकणं म्हणजे लोकांच्या घामाची नासाडी.

निघतानाच मी म्हणालो, "साहेब, आज तरी जरा पळवू द्या."

"जनतेचं पेट्रोल आहे, बाळ. उधळपट्टी करायला आपण जहागीरदार नाही."

माझ्याच पत्रकांची भाषा माझ्याच अंगावर आली.

आता आमच्या मुलखाची एक रीत आहे. मोटार धुरळा उडवत भरकन येत असली तर रस्त्यानं चालणारा माणूस बाजूला होतो, तिच्याकडं बघतही नाही. पण मोटार हळू आली की त्याला वाटतं, ही आपल्यासाठीच हळू झाली. तो हात करतो. आणि हात केला की थांबायचं. न थांबणारा माणूस गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही. त्यातून आमच्या जीपला झेंडा.

येडशी यायच्या आधीच पहिला हात झाला. कोंबड्यांची डाली घेतलेला म्हातारा. पुढं येरमाळ्याच्या येडाईदेवीची ओटी भरायला निघालेलं जोडपं. मग मिरच्यांचं पोतं आणि त्याचा मालक. दर वेळी जीप थांबे, बंद पडे, आणि ड्रायव्हरमामा खाली उतरून हँडल मारत. बॅटरी कधीच मेलेली. इंजिन धरेपर्यंत नुसता धूर. मामांना कसलीच घाई नव्हती. हँडल मारता मारता ते म्हाताऱ्याला कोंबडीचा भाव विचारत होते.

"साहेब, हे मासिकात लिहिलं होतं का?" मी विचारलं.

"लोकांची गाडी आहे, लोकांनी बसू नये?"

"बसावं. पण पिंपळाखाली बसलेलेही लोकच आहेत."

ते हसले. तरुण रक्त आहे म्हणाले. हे ऐकलं की मला जीपमधून उडी टाकावीशी वाटे.

येडशीच्या पुढं सायकलवर बांगड्यांची पेटी बांधलेला एक माणूस मागून आला आणि आमच्या बरोबरीनं चालू लागला. "रामराम वकीलसाब. गाडी बिघडली जनू?"

"नाही, पेट्रोल वाचवतोय."

"असं व्हय. मी बी तेच करायलोय," म्हणाला, आणि पुढं निघून गेला.

आम्ही येरमाळ्यात शिरलो तेव्हा बाजार भरात होता आणि चावडीला कुलूप होतं. पिंपळाखाली लोक होते. कुणी शेंगा खात होतं, कुणी आडवं झालं होतं. तो बांगडीवाला तिथं आमच्या आधी पोहोचून सांगून मोकळा झाला होता, "येतेत, येतेत. सायकलीच्या मागं हैत." लोक हसत होते. ती बाई हसत नव्हती. तिची सून मुळाला टेकून बसली होती.

"सायेब गेले," ती म्हणाली. "कवाच गेले. आमच्या म्होरनं गेले."

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. पण सवय जात नाही. त्यांनी मामांना टाकीत काठी घालायला लावली. काठी ओली झाली ती रोजच्याइतकीच, थेंबभरही वाचलं नव्हतं. थांबण्यात, धुरात आणि पोत्यांच्या ओझ्यात सगळं गेलं होतं. ते काठीकडं बघत राहिले. मी काठी काढून घेतली आणि म्हणालो, "कळंब. आणि आता पळवायची."

बाईला पुढं बसवलं. सूनबाईला शेजारणीजवळ ठेवलं. मामांनी जीप अशी सोडली की मला वाटलं टप उडतोय. रस्त्यात माणसं होतीच. झेंडा बघून त्यांनी हात केले, आणि आम्ही थांबलो नाही. त्यांच्या तोंडावर धुरळा उडाला. हीच माणसं उद्या आमच्या सभेला यायची होती. सकाळी आपण जरा नेटानं निघालो असतो तर त्यांनी हात केलाच नसता, हे मला तेव्हा लख्ख दिसलं आणि जास्तच चीड आली.

कळंबला अधिकारी हात पुसत मोटारीकडं निघाले होते. वकीलसाहेबांनी मागणी सांगितली. चांगली सांगितली.

"येरमाळ्यात मी बराच वेळ बसलो," अधिकारी म्हणाले. "दवाखाना मागायला एकही माणूस आला नाही."

"आमी तितंच हुतो," बाई म्हणाली. "पिंपळाखाली."

"मग पुढे का आला नाहीत?"

तिनं आमच्याकडं बोट केलं नाही. "गाडीची वाट बगत हुतो," एवढंच म्हणाली.

"कुठली गाडी?"

वकीलसाहेब धुरळ्यानं माखलेल्या जीपकडं बघू लागले. अधिकारी "बघू" म्हणाले आणि गेले. दवाखाना कळंबच्या पलीकडं झाला. त्याची कोनशिला मी पाहिली आहे.

परत निघताना वकीलसाहेब मागं माझ्याजवळ बसले. गावाबाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "मामा, आता काही घाई नाही. सावकाश घ्या."

पुढून बाई म्हणाली, "सून पिंपळाखालीच हाय. पळवा."

मामांनी मागं वळून वकीलसाहेबांना विचारलंसुद्धा नाही.