कालव्याच्या टोकाची जागा

निघायच्या दिवशी बाबा मला सोडायला विमानतळावर आलेच नाहीत. रेवदंड्याच्या धक्क्यावर आपल्या होडीचा दोर सोडून पुन्हा बांधत बसले. मी पाया पडले तेव्हा एवढंच म्हणाले, "जागा भरतीला पसंत करू नको, बाय. ओहोटीला बघ." मला वाटलं, म्हातारा होडीचंच बोलतोय.

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं इकडे आलेल्यांनो, मी ते साफ विसरले.

इकडे न्यूझीलंडमध्ये, पापाकुऱ्यात मला फार्मसीत नोकरी लागली, नवऱ्याला ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात. फोनकार्ड संपत आलं की बाबा न चुकता विचारायचे, "घरी कधी येतेस?" शेवटी तेच उन्हाळ्यात इकडे यायला तयार झाले. त्यांना पाण्यावर फिरवायचं म्हणून आम्ही एक जुनी बोट घेतली. पण बांधायची कुठे?

जवळच घरांच्या मागून खणलेला कालवा होता, तिथल्या जागा वाटायला कमिटी होती. सेक्रेटरी मोठा हसतमुख. "किया ओरा, स्वीट ॲज!" असा इकडचा नमस्कार-चमत्कार करत त्यानं पार टोकाची जागा दाखवली. पाणी काठोकाठ होतं. वाटेत बोटी बांधायचे चांगले खुंट रिकामे दिसत होते. लेक म्हणालीसुद्धा, "आई, देअर्स हीप्स ऑफ रूम हिअर!" मी तिलाच गप्प केलं आणि सेक्रेटरीला थँक यू म्हणत सुटले. आपली खोडच ही! हातावर ठेवतील तो प्रसाद.

बोट बांधली आणि दुपारी पूजेचा नारळ घेऊन गेलो, तर पाणी गायब! बोट चिखलात आडवी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेक्रेटरी म्हणतो कसा, "तुम्ही विचारलंत कुठे? आणि ते रिकामे खुंट लोकल लोकांसाठी आहेत." लोकल? याच्या बायकोच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मी देते, आणि मी कोण, पाहुणी? तरी गिळून घेतलं. घरी येऊन भांडी आपटली.

बाबा आले. नेमकी ओहोटी. कलंडलेल्या बोटीत तोल सावरत बसले आणि म्हणाले, "पाहुण्यासारखी वागलीस, पाहुण्याची जागा मिळाली." लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरतीची वेळ साधून जेमतेम एकदाच त्यांना फिरवता आलं.

ते परत गेले, आणि मी कमिटीच्या मीटिंगला गेले. काय भांडले! इंग्रजी संपलं तिथे मराठीत भांडले. रिकामा खुंट रिकामा का, ते सांगा, त्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही, म्हटलं. सेक्रेटरीचं हसू पहिल्यांदा गेलं. खुंट मिळाला, मधला, ओहोटीलाही पाण्यात राहणारा.

मी लगेच रेवदंड्याला फोन लावला. "बाबा, भांडले! जागा मिळाली!"

"शाबास," ते म्हणाले. "परक्या घरात कोण भांडतं? आता तू तिथली झालीस."

मग इकडचं तिकडचं बोललो. कार्ड संपत आलं. मी वाट बघत राहिले, पण "घरी कधी येतेस?" हे त्यांनी विचारलंच नाही. त्यानंतर कधीच नाही.

आता याचा राग मी कोणत्या कमिटीवर काढू?